हत्तीचा मळा

माधव सर गेल्याचा फोन आला तवा मी डांगे चौकात चहा पीत बसलो व्हतो. जमीन इकल्यापास्नं मला दुसरं काम न्हाई. मॅडम, म्हंजे सरांच्या मिसेस, फोनवर रडत व्हत्या, आन् माझ्या डोक्यात पयला इचार आला... सुटलो, आता हत्तीचं कुनाला कळत न्हाई. असला मी मानूस.

सर कॉलेजातनं रिटायर झाल्याले. चिंचवडहून जुन्या स्कूटरवर थेरगावात यायचे आन् सोसायट्यांखाली गाडल्याल्या शेतांची नावं गोळा करायचे. नाव कुनी ठिवलं, त्याची गोष्ट काय, गाणं हाय का, समदं. टपरीवर चार टाळक्यांसमोर त्यांनी इचारलं, "तुमच्या शेताला काय म्हणत?" मला काय ठावं! शेतात मी दोनदा गेलो, येकदा मोजनीला, येकदा पेढं वाटायला. पर गळ्यात साखळी, मागं गाडी हुबी... न्हाई कसं म्हनू? म्हनलं, "हत्तीचा मळा. आमच्या पणज्याचा हत्ती तिथं बांधायचे." पणज्याकडं धड शेळी न्हवती.

"हत्ती खायचा काय?"

"ऊस."

सरांनी त्येबी लिवून घेतलं.

शोकसभेत शाल पांघरल्याले येक विद्वान उठले. भाषा, संस्कृती, समाज, समद्याचा काला करून, सरांच्या जुन्या वहीतलं पान दावत म्हनले, "हत्तीचा मळा या एका नावातून गावाचं राजवैभव उलगडतं." लोक माना डोलवत व्हते. यवढा शिकल्याला मानूस माझ्या थापेवर अर्धा तास हुबा! कीव आली राव. मग वाटलं, ह्ये निदान शिकून येडे झाले, मी तर फुकटात.

सभेनंतर मॅडमनी घरी नेलं. सरांचं शेतांच्या नावांचं पुस्तक छापायला जायचं व्हतं. टेबलावर पत्र्याचा डबा, त्यात दर शेताची येक चिठ्ठी. माझी काढून दिली. 'हत्तीचा मळा' वर पेन्सिलीची काट. खाली अक्षर लावून लावून वाचलं : 'खरं नाव चुलतीबाईंना माहीत असणार. पुतण्यानेच विचारावं. थांबू.'

"दोन वर्षं थांबले," मॅडम म्हनल्या. "मी म्हटलं, तुम्हीच जा की. तर म्हणाले, त्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही."

जमीन इकताना मी चुलतीच्या पाया पडून अंगठा घेतला व्हता, त्यानंतर फिरकलो न्हवतो. रहाटणीत तिच्या दारात गेलो.

"आता काय इकायचं ऱ्हायलंय?"

"काकी, शेताचं नाव पायजे."

"टपरीवरचा हत्तीवाला तूच न्हवं का रं? हितवर आलंय समदं." मला खालवर बघितलं. "धोंड्याची पट्टी. मी लगीन करून आले तवा नुसती दगडं व्हती. मी आन् तुझ्या आईनं पाटीनं वाहिली. तू तिच्या पोटात व्हतास. आन् तू तिथं हत्ती बांध!"

परत येऊन सरांच्या टेबलापाशी बसून नाव लिवलं. 'सांगणारे' म्होरं माझं नाव व्हतं ते खोडलं, काकीचं टाकलं. चिठ्ठी डब्यात ठिवाय गेलो तर मॅडम म्हनल्या, "हे प्रत्येक चिठ्ठी शाई वाळेपर्यंत हातातच धरायचे."

मीबी धरून बसलो... बॉलपेन व्हतं, तरी.