बंद न होणारा आवाज

शिक्रापूरच्या पुढे, महामार्गापासून थोडे आत, भाड्याच्या खोल्यांच्या एका वस्तीत घडलेला तो गुन्हा कागदोपत्री फार मोठा नव्हता. खून नाही, दरोडा नाही. तरीही नोकरीतली कोणती घटना मनातून जात नाही असे कोणी विचारले, की मी तीच सांगतो. त्यातली माणसे अजून त्याच भागात राहतात, म्हणून कोणाचेही नाव घेत नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. रांजणगावच्या कारखान्यांमुळे हद्दीत रोज नवी माणसे येत. ज्याच्याकडे रस्त्यालगत चार गुंठे जमीन, त्याने ऊस मोडून खोल्या बांधलेल्या. आमच्याकडचे निम्मे अर्ज या खोल्यांतूनच यायचे. पाण्याची भांडणे, दारू, मोबाईलची चोरी. सकाळच्या हजेरीला मी अंमलदारांना सांगायचो, खोल्यांवर लक्ष ठेवा. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही आणि संशय मात्र सगळ्यांना सगळ्यांचा असतो.

एके दिवशी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात बाहेर गलका झाला. दहा-पंधरा माणसे एका तरुणाला धरून आली. त्याचा शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. सगळ्यांच्या पुढे खोल्यांचे मालक होते. साठीचे बागायतदार, गावच्या सहकारी सोसायटीत वर्षानुवर्षे निवडून येणारे. अख्खे गाव त्यांना आप्पा म्हणत असे.

"सायेब, ह्यो आमचा भाडेकरू. वेल्डिंगचं काम करतोय. पोरी अंघूळ करत्यात तिथं मोबाईलवर फोटू काढत हुता. लोकांनी जीवच घेतला असता, म्या मधी पडलो म्हणून वाचला."

तरुण उत्तर प्रदेशातला होता. हात जोडून एवढेच म्हणत होता, "साहब, मैं नल पे पानी भर रहा था. घर पे बात कर रहा था."

त्याला मी आधी दवाखान्यात पाठवले. समोर आणलेला माणूस दोषी असो वा नसो, त्याच्या अंगावरच्या जखमांची नोंद पहिली. लोकांना ते रुचले नाही. बाहेर कोणीतरी म्हणालेही, "सायेब त्याचीच सेवा करत्यात."

तक्रारदार मुलगी गर्दीच्या मागे उभी होती. दौंड तालुक्यातल्या एका फुलशेती करणाऱ्याची थोरली लेक. डिप्लोमा करून रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली होती आणि दोन मैत्रिणींबरोबर आप्पांच्या खोलीत राहत होती. महिला अंमलदाराला सोबत घेऊन मी तिचा जबाब आतल्या खोलीत नोंदवायला बसलो. अशा वेळी प्रश्न कमी आणि सावकाश विचारावेत.

"बाळ, नेमकं काय झालं ते सांग. काय पाहिलंस?"

"पाहिलं काहीच न्हाई. आवाज आला. वरनं, पत्र्याखाली फट हाय तिथनं. कचक् असा. कॅमेऱ्याचाच हुता. मी ओरडले. कपडं करून बाहेर येस्तोवर माणसं जमली हुती. हा नळावर हुता, हातात फोन हुता."

"मग यानंच काढला हे कशावरून?"

"मी न्हाई म्हणाले यानं काढला म्हणून. लोक म्हणाले."

मी लिहिता लिहिता थांबलो. बाहेरच्या गर्दीत एवढी खात्री होती, आणि जिच्यावर प्रसंग गुदरला होता ती मात्र पाहिले त्याहून एक शब्द जास्त बोलत नव्हती. असा साक्षीदार क्वचित मिळतो.

तरुणाचा फोन पंचांसमोर पाहिला. गावाकडच्या लहान मुलीचे फोटो, कामाच्या जागेचे दोन-तीन फोटो. बाकी काही नाही. लोक म्हणाले, पुसून टाकले असतील. तेही शक्य होते. मी त्या फोनचा कॅमेरा चालू करून बटण दाबले. आवाज आला नाही. सेटिंगमध्ये जाऊन आवाज चालू केला तर बारीक 'टिक्' वाजले. मुलीने मान हलवली. "ह्यो न्हाई. त्यो जाड आवाज हुता."

दुपारी घटनास्थळाचा पंचनामा केला. न्हाणीघरांची रांग खोल्यांच्या मागे. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट माझ्या डोक्याच्याही बरीच वर. तिथपर्यंत पोचायचे तर शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढणे हाच मार्ग, आणि टाकीची लोखंडी शिडी आप्पांच्या घराच्या आवारातून वर जात होती. भाडेकरूंना त्या आवारात यायला फाटक ओलांडावे लागे आणि फाटकापाशी कुत्रे बांधलेले असे. नळावर पाणी भरणारा माणूस कोणाला न दिसता तिथे जाऊन परत नळावर येईल, हे मला पटले नाही. तरुणाला, बोलावू तेव्हा हजर राहा अशी लेखी नोटीस देऊन मी सोडले. त्याच्या ठेकेदाराने त्याची सोय दुसरीकडे केली. गावात माझ्याविरुद्ध बरीच बडबड झाली.

संध्याकाळी मुलीचे वडील पिकअप घेऊन ठाण्यात आले. अंगावर अजून झेंडूच्या पाकळ्या होत्या. मार्केटला माल उतरवून थेट आले असावेत.

"सायेब, आमाला तक्रार नगं. पोरीला घेऊन जातो. गावात कळलं तर सोयरीक जमायची न्हाई. धाकटी बी हाय मागं."

मुलगी बाकावर बसून होती. ती एवढेच म्हणाली, "आबा, दोन दिवस थांबा. नोकरी सोडली तर परत न्हाई मिळायची. आन् मी काय केलंय?"

वडील रात्री बहिणीकडे शिरूरला मुक्काम करतो म्हणाले. ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करत होतो. दोन दिवसांत काही हाती लागले नाही, तर ही मुलगी दौंडला जाऊन घरी बसणार आणि तो वेल्डर जन्मभर डाग घेऊन फिरणार.

मला एक गोष्ट खटकत होती. चोरून फोटो काढणारा माणूस सर्वांत आधी फोनचा आवाज बंद करतो. शाळकरी पोरालाही ते कळते. मग याने का केला नाही? एक तर तो मूर्ख होता, किंवा त्याला आवाज बंद करता येत नव्हता. दुसऱ्या शक्यतेचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रांजणगावच्या त्या कारखान्यात गेलो. आप्पांच्या खोल्यांतले बरेच भाडेकरू तिथेच कामाला होते. घटनेच्या वेळी कोण कामावर होते आणि कोण खोलीवर, हे हजेरीवरून पाहायचे होते. तिथले व्यवस्थापक आपल्याकडचेच, मराठी. त्यांनी माझे पत्र वाचले, वरिष्ठांना पाठवायला म्हणून टेबलावर ठेवले आणि मोबाईलने त्याचा फोटो काढला.

कचक्!

शांत खोलीत तो आवाज इतका मोठा वाटला, की चहा घेऊन आलेल्या बाई दचकल्या.

"माफ करा हं," व्यवस्थापक ओशाळून म्हणाले, "फोन सायलेंटवरच आहे. पण हा जपानहून आणलाय. मी तिकडं कामाला होतो तीन वर्षं."

"त्याचा आवाजाशी काय संबंध?"

"तिकडे चोरून फोटो काढायचे प्रकार फार झाले होते म्हणे. म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये कॅमेऱ्याचा आवाज बंद करायची सोयच ठेवत नाहीत. निदान माझ्या या फोनमध्ये तरी नाही. तिथे सवय झाली होती. इथे आल्यावर लग्नात, मीटिंगमध्ये सगळे वळून बघतात."

मी त्यांना आणखी एकदा फोटो काढायला लावला. मग विचारले, "असे फोन इकडे आणखी कोणाकडे आहेत?"

"आमची बरीच पोरं प्रशिक्षणाला जाऊन आलीत. येताना बहुतेक जण तिकडचाच फोन घेऊन येतात. कॅमेरा चांगला असतो ना."

तिथून निघालो तो थेट आप्पांकडे. पुरवणी पंचनामा करायचाच होता. महिला अंमलदार आणि पंच सोबत घेतले. आप्पा पडवीत बसले होते. मी सरळ विचारले, "आप्पा, तुमच्या घरात किंवा भाडेकरूंत जपानहून आणलेला फोन कोणी वापरतं का?"

आप्पांचा चेहरा खुलला. तो चेहरा मला विसरता येत नाही.

"वापरतं म्हंजी? आमचा धाकटा वापरतोय की! दोन वर्स हुता तिकडं, कंपनीनं पाठवला हुता. गावानं सत्कार केला त्याचा." आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "अरं, भायेर ये. सायेब इचारत्यात तुझा फोन."

तिशीच्या आतला तरुण बाहेर आला. स्वच्छ कपडे, नम्र बोलणे. मी त्याला न्हाणीघरांपाशी घेऊन गेलो आणि म्हणालो, "आमच्या फोनची बॅटरी उतरलीय. या फटीचा एक फोटो काढून द्या."

"माझीबी उतरलीय साहेब."

हातातल्या फोनचा पडदा उजळलेला दिसत होता. आप्पा मागून आले होते. ते म्हणाले, "काढ की, सायबांचं काम हाय."

त्याने फोन वर धरला. कचक् असा आवाज झाला आणि समोरच्या खोलीचे मागचे दार उघडले. आत ती मुलगी बॅग भरत होती. वडील दोन दिवसही न थांबता तिला न्यायला आलेले होते. ती उंबऱ्यात उभी राहिली. कोणाकडे बोट दाखवले नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ह्योच आवाज."

आप्पा एकदा तिच्याकडे आणि एकदा मुलाच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग न्हाणीघराच्या भिंतीला हात टेकून खाली बसले.

आवाज हा काही पुरावा नव्हे, तपासाला मिळालेली दिशा एवढेच त्याचे मोल. फोन पंचांसमक्ष जप्त करून सीलबंद केला आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवला. पुसलेले फोटो तिथे परत मिळाले. ते या एकाच मुलीचे नव्हते. बाकीच्यांना तर कधी कळलेही नव्हते.

चौकशीत तो फार वेळ टिकला नाही. मी आवाज चढवला नाही. शिकलेल्या माणसाला शांतपणे विचारलेलेच जास्त जड जाते. त्याने सांगितले, की फोटो काढताना तो स्पीकरवर बोट दाबून धरायचा, म्हणजे आवाज दबायचा. त्या दिवशी ओल्या शिडीवर पाय घसरला आणि बोट सुटले. लोक जमले तेव्हा तोही उतरून गर्दीत मिसळला होता. वेल्डरवर पहिला हात त्यानेच टाकला होता.

मी विचारले, "तिकडं दोन वर्षं होतास. तिथं असं कधी केलंस?"

"न्हाई."

"का?"

"तिथं आवाज आला की सगळी वळून बघत्यात. धरलं तर सुटका न्हाई."

"आणि इथं?"

खाली बघत तो म्हणाला, "इथं काय... आपल्याच खोल्या."

ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतले.

मिटवून टाका म्हणून माझ्याकडे बरीच माणसे आली. सोसायटीचे, पक्षाचे, एक नातेवाईक वकील. आप्पा मात्र त्यांच्यात नव्हते. ते स्वतः आले ते दोन दिवसांनी, एकटे. मुलाबद्दल त्यांनी काही विचारले नाही. खुर्चीतही बसले नाहीत.

"सायेब, त्या परदेशी पोराच्या म्या बी दोन थोबाडीत मारल्यात. मधी पडलो म्हणालो, पर मारून मग मधी पडलो. त्यो कुठं ऱ्हातोय आता?"

आमच्या भागात परराज्यातल्या माणसाला जुनी माणसे परदेशी म्हणतात. त्यांचा मुलगा खरोखरीचा परदेश पाहून आला होता, हे त्यांच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे. मी ठेकेदाराचा पत्ता दिला. आप्पा त्याला भेटले. तिथे काय बोलणे झाले ते मला वेल्डरकडूनच कळले, तपासासाठी ठेवून घेतलेला फोन परत न्यायला आला तेव्हा. "बोले माफ़ कर दे. मैंने कहा, चाचा, आप बड़े हो. पर वहाँ रहने नहीं आऊँगा." त्याला मारहाण करणाऱ्यांवर वेगळा गुन्हा दाखल झाला. त्यात आप्पांचेही नाव होते आणि त्यांनी ते नाकारले नाही.

मुलीचे वडील तिला घेऊन जायला पुन्हा ठाण्यात आले होते. "आता तर ठेवतच न्हाई. मालकाचंच पोरगं असं निघालं, मग भरवसा कुणाचा धरायचा?"

ती म्हणाली, "आबा, ज्यानं केलं त्यो आत हाय. मग मी का घरी बसू?"

वडील माझ्याकडे बघू लागले. तो त्यांचा घरचा निर्णय होता. मी मध्ये पडलो नाही. फक्त म्हणालो, "खटल्यात हिची साक्ष महत्त्वाची आहे. तिला ताठ मानेनं उभं राहायचं असेल, तर आजही उभं राहू द्या." त्या संध्याकाळी पिकअप रिकामी परत गेली. मैत्रिणींसह तिने दुसरी खोली घेतली. पुढे शिरूरच्या न्यायालयात तिची उलटतपासणी झाली. तिथेही ती पाहिले-ऐकले तेवढेच बोलली. आरोपीला शिक्षा झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवले? एक म्हणजे, गर्दी ज्याला धरून आणते तो बहुधा हाताशी सापडलेला माणूस असतो. परका असला तर अधिकच सोपा. दुसरे मला अजून नीट मांडता येत नाही. तो मुलगा त्या देशात सज्जनासारखा वागला, कारण तिथे तो परका होता आणि त्याला धाक होता. आपल्या गावात आला आणि धाक संपला. दुसऱ्या देशाचा फोन सोबत आणता येतो, तिथली शिस्त तशी पिशवीतून आणता येत नाही. ज्या घरात आपल्याला कोणी जाब विचारत नाही, त्या घरात माणूस कसा वागतो, यावरून मी पुढे माणसे पारखू लागलो.

नंतर माझी बदली दौंडला झाली. एकदा बंदोबस्ताच्या निमित्ताने बसस्थानकात उभा होतो. शिरूरची गाडी लागली होती. त्या मुलीचे वडील एका मुलीबरोबर बॅगा वर चढवत होते. मला ओळखून खाली उतरले, रामराम केला.

"कुठं निघालात?" मी विचारले.

"ही धाकटी. हिला बी कंपनीत लागलंय. थोरलीजवळ सोडून येतो."

गाडी सुटायची वेळ झाली होती. ते घाईने वर चढले आणि लेकीला खिडकीकडची जागा दिली.