लाईट आली कुठनं

पेट्रोलचा वास आला की उत्रोलीतली ती दुपार आठवते. वळवाच्या वादळात आंब्याची फांदी पडून खांबावरून आमच्या घरात येणारी वायर तुटली होती. दोन दिवस लाईट नव्हती, टाकी कोरडी पडली होती. वायरमनने ट्रान्सफॉर्मरखालच्या डीपीचे फ्यूज काढून खिशात टाकले, खांबावर चढून कमरेचा पट्टा आवळला आणि तुटलेली वायर जोडायला घेतली. तोवर पाणी चढवून घ्यावं, म्हणून मी भाड्याचा पेट्रोलवरचा जनरेटर सुरू केला आणि दोन्ही टोकांना पिना असलेली त्याची वायर भिंतीतल्या प्लगात खोचली. पंप घुरघुरला आणि बाहेरून किंकाळी आली. धावत गेले तर वायरमन पट्ट्याला लोंबकळत होता, पक्कड खाली चिखलात पडली होती. "लाईट आली कुठनं? फ्यूज तर माझ्या खिशात हायेत!" तो ओरडला. शेजारचे काका माझ्यावर धावूनच आले. "सूनबाई, तुमच्याच घरातनं गेली ती! बंद करा आदी!" मी पळत जाऊन जनरेटर बंद केला; घराला बाहेरच्या वायरीपासून तोडणारा मेन स्विच मी पाडलाच नव्हता. खाली उतरल्यावर वायरमनने भाजलेला तळवा माझ्यासमोर धरला. "वहिनी, ज्या वायरीनं लाईट येती ना, त्याच वायरीनं जाती बी." वीज धरणावरून निघते आणि तारांवरून आपल्या घरी येते, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. आता जनरेटर लावायच्या आधी मी मेन स्विच पाडते, आणि तरीही बाहेर जाऊन खांबावर कोणी नाही ना, ते बघून येते.