दंड पाहणारी आई

कडेवर मूल घेतलेली कुणी बाई दिसली, की आई आधी त्या मुलाची बाही वर करायची. तोंड मागाहून बघायची. दंडावर देवी टोचल्याचे वण असले तर गालाला हात लावून "बरा हाय" म्हणायची. नसले तर त्या बाईला फैलावर घ्यायची. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर तिच्या या खोडीपायी मला कितीदा मेल्याहून मेल्यासारखे झाले आहे! "अगं, ओळख ना पाळख!" मी म्हणे.

"वलख कशाला लागते गो? पोर हाय ना?"

माझ्या दंडावर ते वण आहेत. माझ्या थोरल्या भावाच्या, सदूच्या, दंडावर नव्हते.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. बापे मुंबईत, वाडीत म्हातारे, बायका आणि पोरे. देवी टोचणारा सरकारी माणूस वर येणार असे कळले, तेव्हा गावकरांनी, म्हणजे आमच्या गावकीच्या मुख्यांनी, ग्रामदेवीला कौल लावला. मूर्तीला फूल चिकटवायचे. उजवीकडे पडले तर होकार, डावीकडे पडले तर नकार. फूल डावीकडे पडले. गावकीने ठरवले, मुलगे टोचायचे नाहीत. जो टोचील तो वाळीत. मुलींचे ज्याने त्याने बघावे, त्या काय, उद्या परक्याच्या घरी जायच्या.

म्हणून मी वाचले. "पोरीला ने हवी तर, सदू गावाचा हाय," असे म्हणून आजीने सदूला दोन्ही हातांनी पोटाशी धरले. तिचीही त्याच्यावर मायाच होती.

मुंबईहून बाबांचा निरोप आला, "गावकी सांगेल तसं." वाळीत पडलेल्या घराला विहीर बंद, मयताला खांदा नाही. मुंबईच्या खोलीत राहणारेही सगळे वाडीचेच. तिथेही बाबांचे ताट वेगळे झाले असते.

त्यानंतर पलीकडच्या वाडीत देवी आल्या आणि आईचा धीर सुटला. सदूला कडेवर मारून ती पोलादपूरच्या वाटेने पळत सुटली. उतारावर वाडीने तिला गाठले. आईने गावकरांपुढे पदर पसरला. "भावोजी, माजा पोर हाय. जाऊ द्या मला. वाळीत टाका, काय पन करा!"

"तुज्या एकटीचा नाय, वैनी. देवी कोपली तर समद्या वाडीची पोरं जातील."

त्यांनी सदूला तिच्या कडेवरून ओढून घेतले. त्यांच्याही घरात पोरे होती, त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, हे मला आज कळते. आईला ते कळून काय करायचे होते?

सदूला देवी निघाल्या. घरात फोडणी बंद झाली, दारात कडुलिंबाचा टहाळा लागला. आई त्याच्या अंगावरून पाला फिरवत बसायची. "आये, आग होते," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "जाईल हां, राजा." सदूच गेला. पोरीला टोचली म्हणून देवीने पोरगा नेला, असे वाडी म्हणाली. आईने ते ऐकले आणि ती चुलीपुढे जाऊन बसली.

काही वर्षांनी टोचणारा पुन्हा आला. पलीकडच्या वाडीतली टोचलेली पोरे तेवढी राहिली होती, हे सगळ्यांनी पाहिले होते. या खेपेला कौल कुणी लावला नाही. सर्वांत पुढे गावकर उभे होते, नातवाला घेऊन. पोर हात झाडत होते, कुणाला आवरेना. आई गर्दीतून पुढे आली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "द्या इकडं." तिने त्याचा दंड धरला. "जाईल हां, राजा," म्हणत राहिली.

टोचून झाले. दुसऱ्या मुलाची पाळी आली. आईने पोर सोडले नाही. त्याचे डोके छातीशी धरून ती हमसाहमशी रडत होती. गावकर हात पुढे करून उभे होते. त्यांनी तो मागे घेतला. त्या दिवशी तिच्या मांडीवरून पोर ओढून घ्यायला वाडीतला कुणीही पुढे झाला नाही.