दाजींना बसवून पाठवा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, मस्कतला ट्रेलर चालवायचे. तिथंच एका पंपावर, चहाचा कप हातात असताना गेले. आधी कप पडला आणि मागोमाग दाजी, असं त्यांच्या खोलीवरच्या केरळी सोबत्यानं मला फोनवर सांगितलं. मलाच का, तर मी शाळेत इंग्रजी शिकवतो. आमच्या घरात ज्याला इंग्रजी येतं त्याच्या गळ्यात गोळ्यांच्या पाकिटापासून मढ्यापर्यंत सगळं येतं.

दाजींचं गाव लोहाऱ्याजवळ. मी पोचलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. प्रत्येकाच्या ओळखीचा एक पुढारी होता आणि एका फोनवर विमान आणवण्याची त्याची ताकद होती. त्यातल्या एकानंही शेवटपर्यंत फोन उचलला नाही. अक्का आत भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती हंबरडा फोडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्येंला बसवून पाठवा म्हन."

हे सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवाही पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि त्याच बैठकीत मातीत ठेवतात. त्यासाठी घाई करावी लागते. अंग ताठायच्या आत मांडी घालून घ्यायची, पाठ भिंतीला टेकवून बांधायची. इकडं रडणं चालू आणि तिकडं दोघं जण गुडघे वाकवतायत, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

"अक्का, ते विमानानं येणार. पेटीतनं."

"मग पेटी चौकोनी करा म्हनावं."

"अगं, तिथं कोण ऐकणार?"

"सासऱ्याला बसवलं, सासूला बसवलं, ह्येंनाच का आडवं? परदेशात मेला, घरचा कुठं ऱ्हायला हुता, म्हनून आडवा पुरला, असं म्हनतील उद्या. तू बोल त्येंच्यासंगं."

अक्कानं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. मी परसात जाऊन त्या केरळी सोबत्याला फोन लावला. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण मढ्याला मांडी घालून पाठवा हे मला इंग्रजीत येईना. शेवटी आमच्या दखनीवर आलो.

"भाई, उनको बैठा के भेजना जमता क्या?"

मग तो म्हणाला, "सर, बॉडी को प्लेन में सीट नहीं देता."

"सीट पे नहीं भाई, पेटी में. पालथी मार के."

"सर, आप थोडा पानी पियो."

मी खरंच पाणी प्यायलो. तो माणूस मात्र देवासारखा. त्यानं हसू न आणता दवाखान्यात जाऊन विचारलं आणि निरोप दिला. अंगात औषध भरलंय, आता हात-पाय वाकत नाहीत, सरळ झोपवूनच येतील.

मी ते तसंच्या तसं ओसरीवर सांगितलं. कुणी मानलं नाही. दाजींचे चुलते होते, गावातली निम्मी मढी त्यांच्या हातची बसलेली. पैलवानानं कुस्त्या सांगाव्यात तसे ते मढी सांगत. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं औषध तुमच्यापाशी. गरम पान्याचं फडकं गुडघ्याला लावलं की कसलंबी मढं नरम पडतंय. म्या तालुक्याच्या दवाखान्यातनं आलेलं बसवलंय." मस्कत आणि तालुक्याचा दवाखाना यात त्यांच्या लेखी अंतराचाच काय तो फरक.

मग वाट बघणं सुरू झालं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात होते आणि इकडं दुःखाला करायला काही काम नव्हतं. माती झाल्याशिवाय घरात चूल पेटवायची नाही, त्यामुळं शेजारून भाकरी यायची. एक-दोन वेळा मायेनं आली, पुढं ती जाड होत गेली. भेटायला येणारी माणसं "लई वाईट झालं" म्हणून बसायची आणि थोड्या वेळानं सोयाबीनच्या भावावर घसरायची. दाजींच्या आधी त्यांचा फ्लेक्स आला. फोटो पासपोर्टवरचा, पोलिसानं धरून आणल्यासारखा. वर गावातल्या सगळ्या होतकरू पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. भावपूर्ण श्रद्धांजली वाहताना एवढं हसू कशाचं येतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

शेतात चुलत्यांनी उभं राहून खड्डा खणून घेतला, नेहमीसारखा, चौकोनी आणि खोल. बैठक बसेल एवढा.

पेटी हैदराबादला उतरली. आणायला मी गेलो. दाजी प्रवाशांच्या दारातून नाही आले, मालाच्या दारातून आले, टीव्हीच्या खोक्यांमागून. दर वेळी येताना ते असंच एखादं खोकं घेऊन यायचे. कारकून म्हणाला, "सामान देख लो, फिर सही करो." मी पेटीकडं बघितलं. लांबच लांब. माझं आणि दाजींचं नातं थट्टेचं. भेटलो की पहिला टोमणा कोण मारतो याचीच चढाओढ असायची. त्या दिवशी मला एकही टोमणा सुचला नाही. सही केली.

गावात शिरलो तर दारात सगळी तयारी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर केळीच्या खांबांचं मखर, त्याला झेंडूच्या माळा आणि आत पाठ टेकायला एक प्लास्टिकची खुर्ची, वर शाल. एका बाजूला पातेल्यात पाणी उकळत होतं. चुलते धोतराचा काचा मारून उभे. पेटी खाली घेतली आणि उघडली. दाजी सरळसोट, हात अंगाला लावून, शाळेच्या कवायतीतल्यासारखे.

चुलत्यांनी गुडघ्यावर फडकं ठेवलं, मग हात ठेवला, मग भार दिला. काही नाही. पुन्हा फडकं. भोवतीनं सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, पेटीच उभी करून पुरा, बसले न्हाईत तरी आडवं पडले न्हाईत. दुसऱ्यानं मस्कतवाल्यांच्या आया-बहिणी काढल्या. विधी करायला आलेले अय्या मठात फोन लावत होते आणि मठ फोन उचलत नव्हता. चुलत्यांचा चेहरा घामेजला होता. सगळ्या गावापुढं पहिल्यांदाच मढं त्यांचं ऐकत नव्हतं.

"जोर लावावा लागंल," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "गुरुजी, तुमी पाय धरा."

मी धरला. इतका गार आणि इतका जड पाय मी कधी धरला नव्हता. मला सरळ सांगायचंय, मला रडू आलं आणि अक्काचा रागही आला.

"हात काढा," अक्का म्हणाली.

ती कधी बाहेर आली ते कुणाला कळलं नव्हतं. ती पेटीजवळ बसली. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग पायांपर्यंत नजर नेली आणि परत आणली. मला वाटलं, आता हिला कसं आवरायचं.

"फोन लावला की येकच," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "बसून बसून कंबर गेली म्हनायचे. येवढा येक करार सरू दे, गावाकडं येऊन पाट टेकून झोपतो म्हनायचे. दर सालीच म्हनायचे. झोपू द्या त्येंला."

"आपल्यात आडवं कुणी—" चुलते बोलू लागले.

"मामा, तुमी हात काढा. खड्डा लांब करायला सांगा."

चुलत्यांनी काचा सोडला, ट्रॉलीवर चढले, मखरातली खुर्ची स्वतः उचलून खाली ठेवली आणि शेताकडं माणूस पाठवला. अय्यांनी लिंग तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. अक्कानं आपल्या दोन्ही हातांत तो हात धरून ठेवला.

"डोक्याखाली काय न्हाय," ती मला म्हणाली. "त्येंची उशी आन."

मी आत धावलो. भिंतीशी अंथरुणाची चळत होती. वाकळा, सतरंज्या, उशा, सगळ्यांच्या. दाजींची कुठली ते कळेना. भाची तिथंच उभी होती, दाजींची थोरली मुलगी, डोळे सुजलेले. तिला विचारलं, आप्पांची उशी कुठली?

ती चळतीकडं वळलीसुद्धा नाही. माळ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "आप्पांची व्हय? पाव्हन्यांच्या अंथरुनाच्या गाठोड्यात बघा, मामा."