मेवाड ते गारगोटी, व्हाया निंबोळे

माझे चुलते कृष्णात निंबोळे यांचं शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. साठी येईपर्यंत माणूस अगदी शहाणा होता. मग कुणीतरी मोबाईलवर मजकूर पाठवला की निंबोळे आडनावाचं मूळ मेवाडात आहे, आणि काकांच्या अंगात रजपूत संचारला. साधा वॉशर मागायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आधी चितोड ऐकावा लागायचा. दुकानात दोन तलवारी लागल्या, मिशांना पीळ पडला. काकू म्हणायच्या, "मिशा वळवून काय, पाण्याचा पंप आधी दुरुस्त करा की!"

पुढं काकांना 'घराण्याचं दालन' करायची हुक्की आली. त्यासाठी घराची मागची खोली हवी होती आणि तिथं आठ वर्षं रिजवान भाड्यानं राहत होता. फ्रीज दुरुस्त करणारा, मान खाली घालून येणारा-जाणारा माणूस. त्याची बायको सदफ सातव्या महिन्यात होती. बाळंतपण होईपर्यंत राहू द्या, एवढंच त्यानं मागितलं.

"घराण्याच्या वास्तूत परकं माणूस नको," काका म्हणाले. ते सगळ्या निंबोळ्यांचा मेळावा भरवणार होते; त्याआधी खोली मोकळी करायची, असं ठरवून टाकलं. मला संताप आला होता, पण मी गप्प बसलो. पुतण्याची मर्यादा म्हणून सांगतो लोकांना; खरं तर भित्रेपणा.

मेळावा आमच्या गावी, गारगोटीच्या एका मंगल कार्यालयात होता. फेटे, तुतारी, आणि दारात वीस फुटी फ्लेक्स: 'मेवाड ते गारगोटी'. पुरावा म्हणून काकांनी हेळव्याला बोलावलं होतं. आमच्या भागात हेळवी घरोघरच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत जपतात. काही वर्षांनी फेरी मारतात, नवी नावं लिहून घेतात, धान्य-कापड घेऊन पुढच्या घरी जातात. आमच्या घराण्याचा हेळवी गुरसिद्धाप्पा. काकांची चूक एवढीच की वहीत काय आहे हे न विचारता त्यांनी थेट त्याच्या हातात माईक दिला. आणि हेळवी एकदा वाचायला लागला की मधेच थांबत नाही.

"मूळ गाव अथणीकडं," गुरसिद्धाप्पानं सूर धरला. "दुष्काळात झुंबरबाई, दादला मेलेली, दोन पोरं घिऊन चालत हिकडं आली. कुणी दारात हुबं केलं न्हाय. महंमद पिंजाऱ्यानं आपल्या पडवीत ठिवून घेतलं. बारा वर्सं तितंच ऱ्हायली. दारात कडूलिंबाचं झाड हुतं, म्हणून लोक निंबोळे म्हणाय लागलं."

फेटे एकमेकांकडं बघायला लागले.

"हे खोडा," काका पुटपुटले. माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं.

"खोडता येत न्हाय, पावणं. तुमच्या आज्यानंबी ह्येच सांगितलंतं." त्यानं पान उलटलं, पेन काढलं. "आता तुमच्या पिढीचं बोला. काय लिवू?"

काका छाती फुगवून तोंड उघडणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांची ऐंशीच्या पुढची आत्ती बयाबाई ओरडली, "लिव की! कृष्णातानं पोटुशी बाई घरातनं भाईर काढली म्हणून लिव!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी घाईघाईनं मोबाईल काढला. स्पीकर लावल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही.

"रिजवान, खोली सोडू नगोस. आसरा द्यायची आमच्या घराण्याची जुनी रीत हाय."

"ती रीत त्या पिंजाऱ्याची, आपली न्हवं," आत्ती म्हणाली.

"काका, सकाळीच टेंपो भरला," पलीकडून रिजवान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्तच लाज वाटली. "सदफला तिच्या आईकडं सोडलं. खोली झाडून किल्ली काकूंकडं दिलीय."

माईक अजून चालूच होता. काकांनी फोन खिशात टाकला, फेटा उतरवून टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसले. गुरसिद्धाप्पा पेन धरून वाट बघत होता.

"पावणं, काय लिवू?"

"आत्ती म्हणती त्येच लिवा," काका म्हणाले.