छत्रीचं बटण

गुलाल गटारात उतरला तरी डीजे थांबेना. कमलेशची बायको रुचिका सरपंच झाली होती, चौलच्या आतल्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावाची. सगळा गाव पेढे हाणत होता आणि कमलेशच्या घशाखाली मात्र एक उतरत नव्हता. रुचिका एका मतानं निवडून आली होती. पडली होती त्याची सख्खी वहिनी, सुचिता. एकाच घरातल्या दोघी जावा, धाकटीची निशाणी छत्री, थोरलीची शिट्टी.

ते एक मत कुठलं, हे कमलेशला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या आईला, मैनाबाईला, डोळ्यांनी दिसत नाही. बटण दाबायला सोबत तोच गेला होता. मशीनपाशी म्हातारी हळूच म्हणाली, "शिट्टी दाब रं. मोठी माझं सगलं करते." यानं छत्री दाबली. मशीन वाजलं.

"झालं न्हवं?"

"व्हय, झालं." मेल्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही!

आता तो ओटीवर तोंड पाडून बसला होता. शेजारी त्याची मुलगी प्राप्ती इंग्रजीची वही घेऊन कुरकुरत होती. 'माय मदर वन माय आँट', म्हणजे मम्मीनं काकीला जिंकलं, या तिच्या वाक्यावर शाळेतल्या बाईंनी लाल रेघ ओढली होती.

"पप्पा, विन म्हणजे जिंकणं ना? बाई बोलतात, मॅच विन करायची, इलेक्शन विन करायचं. माणसाला नाही. माणसाला हरवलं तर बीट. आणि विन ओव्हर केलं तर त्याचं मन जिंकलं. पण बीट म्हणजे तर मारणं! मम्मीनं काकीला कुठं मारलं?"

"मम्मीनं न्हाय मारलं," कमलेश पुटपुटला आणि त्याचे कान तापले.

तेवढ्यात सुचिता सासूचा हात धरून बाहेर आली. तिला खाटेवर बसवून ती कमलेशकडे वळली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा निवळला होता.

"भावोजी, आई बोलल्या मला. सख्खी बायको उभी, तरी तुम्ही त्यांचं मत मलाच दिलंत. आता पडल्याचं काय वाटत न्हाय बघा."

"माझा पोरगा हाय तो," म्हातारी कौतुकानं म्हणाली.

गप्प बसला असता तर जन्मभर वहिनीनं त्याला देवमाणूस म्हटलं असतं. नेमकं तेच त्याला सोसेना. शरमेनं त्याचा जीव अर्धा झाला.

"आये, मी छत्री दाबली," तो म्हणाला. "तू शिट्टी सांगितलीस, मी छत्री दाबली."

मैनाबाई खाटेवरून उठली. मग आत जाण्यासाठी तिनं हात पुढे केला. कमलेशनं लगबगीनं तो धरला. तिनं त्याची बोटं चाचपली आणि हात सोडवून घेतला.

"तू नको," ती म्हणाली. "सुचिता, तू ये गो."