हळद भिजू द्या

वारा पडला की मोठीआई बोलायचं थांबायची. मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते मी लहान असतानाच आजारपणात गेले. तेव्हापासून वसमतजवळच्या आमच्या शेतातल्या घरात तिचाच शब्द चालायचा. वैशाखातल्या दुपारी झाडाचं पान हलेनासं झालं की आम्ही उकाड्याला शिव्या द्यायचो. ती मात्र हातातलं काम ठेवून पश्चिमेकडे कान लावायची. आभाळाकडे बघायची नाही, नुसती ऐकायची. तिच्याबद्दल लिहायला मी योग्य आहे की नाही, मला माहीत नाही. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं, एवढंच.

अक्षयतृतीया हा आमचा उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सण. पुण्याहून काका-काकू लेकरांना घेऊन यायचे आणि घर भरून जायचं. पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजल्याशिवाय आंबा तोंडाला लावायचा नाही, हा मोठीआईचा कायदा. घरभर आढीचा वास सुटलेला असायचा. कुणी नुसता आंबा हुंगला तरी ती ओरडायची, "आधी त्यांना पाणी पिऊ दे की रं! तू काय तहानेनं मरून राहिलास?"

पण हेच दिवस हळदीचेही असतात. शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली असते. तिला दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं. भिजली की रंग जातो, बुरशी धरते, वर्षभराची मेहनत मातीत जाते. म्हणून अवकाळी ढग दिसला की आमच्याकडे घरोघरची माणसं ताडपत्री घेऊन खळ्याकडे पळतात. मोठीआई पळू द्यायची नाही. "गडगडलं की उंबरा सोडायचा न्हाई. हळद भिजू द्या," म्हणायची. सेनगावकडच्या तिच्या माहेरी तिचा भाऊ असाच विजेत गेला होता. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, मान वर न करता. "बैल सोडायला गेला. बैल वाचला."

मी बारावीत होते त्या वर्षी सणाच्या दिवशीच आभाळ आलं. आम्ही नुकतेच पंगतीला बसलो होतो. पहिला गडगडाट झाला तसे बाबा आणि काका उष्ट्या हातानं उठले. मोठीआई त्यांच्या आधी दारात पोचली आणि उंबऱ्यावर आडवी झाली.

"जायचं तर मला वलांडून जा."

वडीलधाऱ्या माणसाला ओलांडणं आमच्याकडे कुणाच्यानं होत नाही. बाबा तिथंच उभे राहिले. काका म्हणाले, "वैनी, बाजूला व्हा. पुरे झालं सोंग."

"व्हय, सोंगच हाय. बसा जेवायला."

अर्धा तास पाऊस पडला. शेजाऱ्यांनी आपापली हळद झाकली आणि सगळे सुखरूप घरी परतले. आमची तेवढी काळी पडली. संध्याकाळी काका म्हणाले, "काय वैनी, कुनावर पडली वीज? बांधावरच्या बाभळीवरबी पडली न्हाई की!" सगळे हसले. मीही हसले. मोठीआई ओली हळकुंडं उलटीपालटी करत होती. तीसुद्धा थोडं हसली.

मग गावानं ते वर्षभर धरून ठेवलं. पाणवठ्यावर बाया तिला विचारायच्या, "ढग आला की तुमच्याकडं दार लावून झोपत्यात म्हनं?" ती घागर कमरेवर घेऊन घराची वाट धरायची.

पुढच्या वर्षीही अक्षयतृतीयेला दुपारी वारा पडला. मोठीआई गप्प झाली. मग दूर कुठंतरी गडगडलं, आणि ताडपत्री सर्वांत आधी तिनंच उचलली. "चला, काहून बसून राहिलात? औंदा कुनी नाव ठेवाया नको."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हाच कुणीतरी तिला धरायला हवं होतं. मी धरू शकले असते. पण मी ताडपत्रीचं एक टोक धरलं.

तीन कोपऱ्यांवर दगड ठेवून झाले. चौथा तिच्याकडे होता. वाऱ्यानं तो फडफडत होता आणि ती त्यावर गुडघे टेकून बसली होती. "पोरी, तू घरी पळ," ती ओरडली. मी पळाले. मागे वळले नाही. आधी उजेड झाला, आवाज मग आला.

ताडपत्रीखालचं एकही हळकुंड भिजलं नव्हतं. त्या वर्षी हळदीला रंगही चांगला आला. आमच्या स्वयंपाकात ती कुणी घेतली नाही.

आता मी हिंगोलीला वसतिगृहात राहते. यंदा सणाला घरी गेले होते. पंगत बसली आणि पश्चिमेला गडगडलं. काकांचा घास हातातच राहिला. उघड्या दारातून खळं दिसत होतं, त्यावर हळद पसरलेली होती. पहिले थेंब तिच्यावर पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. कुणी उठलं नाही. काका नुसते बाबांकडे बघत राहिले.

बाबांनी आयुष्यात कधी कुणाला वाढलेलं मी पाहिलेलं नाही. ते उठले, आईच्या हातातून रसाचं पातेलं घेतलं आणि पंगतीतून वाढत निघाले. काकांच्या ताटापाशी थांबले.

"जेव सावकाश," ते म्हणाले. "भायेर आपलं काई न्हाई."